फेकजाळ्याचे शिशाचे मणी घरी ओतून राहिलो, साचा सेकंडहँड आहे. मणी पोकळ काहून निघतात?

मामातलाव_लाखनी

नमस्कार मंडळी. लाखनी तालुक्यातून लिहून राहिलो. आमचं घर ढिवराचं. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची लीज मच्छीमार संस्थेकडे आहे. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की बाबा आणि मी फेकजाळ्यानं रोहू-मृगळ काढतो. या पावसाळ्यात बाबांनी ओसरीत बसून नायलॉनचं नवीन जाळं विणलं. 12 फुटांचं आहे, खालचा घेर पसरून मोजला तर 75 फूट भरला. दर 3 इंचावर एक मणी धरला तर 300 मणी लागतात. आमचा मणी इंचभर लांब, करंगळीहून बारीक, मधून आरपार भोक, वजन 15 ग्रॅम. म्हणजे साडेचार किलो शिसं झालं. याच्यापेक्षा हलकं केलं तर जाळं सावकाश बसते आणि तेवढ्यात मृगळ चिखलाला धरून खालून निघून जाते.

दुकानात तयार मणी मिळतात, पण भाव विचारून परत आलो. मग आठवडी बाजारात एका भंगारवाल्याजवळ हा साचा दिसला, 350 रुपयांत घेतला. बिडाचा आहे, सांडशीसारखा उघडतो, एका वेळी 5 मणी. मधून 3 मिलीमीटरची सळई जाते, ती ओढली की मण्याला भोक राहते. वर तोंडावर एक फिरती पट्टी आहे, तिनं वरचं जास्तीचं शिसं कापल्या जाते. आतून गंजला होता. रात्रभर डिझेलमध्ये ठेवला, मग पॉलिश पेपर घेऊन दोन दिवस घासला. घरं, म्हणजे मण्यांचे खळगे, आणि दोन्ही फाळ्यांची (साच्याच्या अर्ध्या भागांची) तोंडं आरशासारखी केली. फोटो टाकला आहे.

शिसं दोन ठिकाणचं आहे. हायवेवर टायरच्या दुकानातून चाकाला ठोकायची बॅलन्सिंगची जुनी वजनं आणली, तीन किलो. बाकीचे बाबांच्या जुन्या जाळ्याचे मणी, ते कापून काढले. मागच्या अंगणातल्या चुलीवर जुना जर्मनचा (अ‍ॅल्युमिनियमचा) गंज, म्हणजे पातेलं, ठेवला आणि हवेला टेबलफॅन लावला.

आता काय झालं ते सांगतो. पहिले पाच मणी वाळल्या बोरासारखे सुरकुतलेले निघाले. मग साचा तापला तर मणी अर्धेच भरले, वरचं टोक गोल आणि आत खड्डा. नंतर शिसं आणखी तापवलं तर मण्यावर पांढुरकी दाणेदार साय आल्यासारखी दिसते आणि सळई निघतच नाही, हातोडीनं ठोकावी लागली. वरून चांगले दिसणारे मणीसुद्धा सोनाराच्या काट्यावर कोणी 11 ग्रॅम, कोणी 13. आणि सगळ्या मण्यांना एका बाजूनं कागदासारखा पातळ पापुद्रा राहते. तो पापुद्रा जाणं फार जरुरी आहे, कारण बाबा जाळं फेकताना घेराची कड दातात धरतात आणि त्यांचा ओठ कापतो.

दोन गोष्टी आणखी. जुने मणी वितळलेल्या शिशात टाकले तेव्हा फट् करून आवाज झाला आणि चार-पाच थेंब भिंतीवर गेले. आणि शेवटी शेवटी गंजात वर घट्ट पिठल्यासारखं काहीतरी जमलं, ते पळीत येत नाही, ढवळलं तरी विरघळत नाही.

आजवर 140 मणी झाले, त्यातले कामाचे 30 निघतील. माझी चार वर्षांची पोरगी रोज बाजूला बसून दहा-दहाचे ढीग लावून देते, तिला आकडे चांगले येऊन राहिले. पण मला काम बरोबर करायचं आहे. बाबांचं वय 67 आहे. हे जाळं त्यांचं हातचं शेवटचं असू शकते, त्याला असे मणी बांधायची माझी इच्छा नाही. ज्यांनी ओतकाम केलं आहे त्यांनी सांगा, चूक साच्यात आहे की माझ्यात?

वैनगंगा_उतार

भाऊ, मणी-बिणी नंतर, आधी एक विचारतो. फोटोत साचा पाहिला. तो गोळीचा साचा नाही ना? भरमार (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीच्या गोळ्या ओतायचे जुने साचे असेच सांडशीसारखे असतात, आणि भंगारात कधीमधी येतात. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवायची यंत्रंसुद्धा धरली आहेत. शेतात रानडुकरासाठी बंदुकीचं लायसन असलेला माणूससुद्धा घरी गोळ्या ओतू शकत नाही, त्याला वेगळा परवाना लागते. आपल्या भागात अशी वस्तू घरात सापडली तर कोणाला समजावत बसाल? खात्री करा.

मामातलाव_लाखनी

दादा, बरं झालं विचारलं. नाही, गोळीचा नाही. पाचही घरांच्या मधून सळईची खाच आहे, लांबट नळीसारखं घर आहे, गोल नाही. ज्याला आरपार भोक आहे ते बंदुकीच्या कामाचं नाही. सळईसोबतचा फोटो आता टाकला, पाहून घ्या.

ओतारी_भंडारा

बाबू, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. आमच्याकडे पितळेचं ओतकाम, आजोबांपासून. भंडाऱ्याची पितळी भांडी पूर्वी दूरदूर जायची, आता भट्ट्या थोड्याच राहिल्या. शिशाचंही काम मी केलं आहे, म्हणून सांगतो. नीट वाच, घाई करू नको.

सर्वात आधी तो जर्मनचा गंज आजच चुलीवरून उतरव. जर्मन 660 अंशाला वितळते, आणि लाकडाच्या आगीला पंखा लावला तर निखारा त्याच्या वर जाते. आत शिसं आहे तोवर गंज तग धरते, पण एखाद्या जागी बूड पातळ झालं की पाच किलो पातळ शिसं चुलीत आणि तुझ्या पायावर. लोखंडाची जाड बुडाची कढई घे, आणि ती पुन्हा स्वयंपाकात जाणार नाही अशी ठेव.

दुसरं, ते फट् झालं ते. तू थोडक्यात लिहिलं, पण तुझ्या सगळ्या पोस्टमध्ये मला तीच गोष्ट सर्वात मोठी वाटली. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे-सतराशे पट फुगते. जाळ्याचा मणी वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेला. वरून वाळलेला दिसते, पण भोकात दोऱ्याचा तुकडा असते, चिखल असते, त्यात ओल असते. तो मणी पातळ शिशाखाली गेला की ओलीला निघायला जागा नाही, मग ती वरचं शिसं घेऊनच निघते. माझ्या डाव्या मनगटावर आठ आण्याच्या नाण्याएवढा डाग आहे, 1996 च्या श्रावणातला. पळी पाटावर ठेवली होती, हवेनं दमट झाली, मी तशीच मुशीत बुडवली. एवढंच झालं होतं. डोळ्याच्या दोन बोटं खालीही एक थेंब होता. म्हणून जुने मणी नेहमी थंड कढईत, सगळ्यात आधी टाकायचे, आणि मग खाली आग पेटवायची. म्हणजे ओल शिसं पातळ व्हायच्या आधीच उडून जाते. वितळलेल्यात भर टाकायची नाही. पळी, साचा, सळई, सगळं चुलीच्या कडेला तापवून मगच जवळ आणायचं. अंगात सुती फुलबाहीचा सदरा, पायात बूट, डोळ्याला चष्मा. नायलॉनचा कपडा चालत नाही, तो कातडीला चिकटते.

आता पिठलं. ते जस्त आहे. जस्त मी रोज पाहतो, पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. चाकाची वजनं पूर्वी शिशाची यायची, आता त्यात जस्ताची आणि लोखंडाची मिसळलेली असतात. काहींवर बारीक अक्षरांत खूण असते, पीबी म्हणजे शिसं, झेडएन म्हणजे जस्त, एफई म्हणजे लोखंड. खूण नसली तर पक्कडीनं कड दाबून पाहा, शिशात दात उमटतात, जस्त दबत नाही. फरशीवर टाक, शिसं बद् वाजते, जस्त टण् वाजते. तरी शंका राहिली तर चाकूनं खरवडून त्यावर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाक, जस्तावर बुडबुडे येतात, शिशावर येत नाहीत. शिसं 327 अंशाला पातळ होते, जस्त 420 च्या जवळ. तू आग आवरून 350-360 वर ठेवली असती तर जस्ताची वजनं वर तरंगली असती आणि झाऱ्यानं काढता आली असती, जशा वजनांच्या लोखंडी क्लिपा निघतात. पंखा लावला आणि ते त्यात मिसळलं. आता त्या गंजातल्या मालाचा नाद सोड, तो धड ओतल्या जाणार नाही.

उष्णता मोजायला बंदुकीसारखं लांबून दाखवायचं थर्मामीटर घेऊ नको. चकाकत्या शिशावर ते खोटं, फार कमी दाखवते. तारेचं टोक आत बुडवायचं थर्मामीटर घे. 350 ते 400 च्या मध्ये ओत. शुद्ध शिशावर निळी-जांभळी छटा दिसून राहिली म्हणजे फार तापलं. वरची राखाडी मळी सारखी काढत बसू नको, त्यात बरंच चांगलं शिसं जाते. बोराएवढं मेण टाक, धूर पेटला तर पेटू दे, तोंड लांब ठेव, कोरड्या पळीनं तळापासून ढवळ. मळीतलं शिसं परत खाली उतरते आणि वर कोरडी भुकटी राहते, ती तेवढी काढ.

आता साच्यावर येतो. सुरकुत्या म्हणजे साचा थंड, किंवा आत डिझेल राहिलं आहे. साबणाच्या गरम पाण्यानं धू, वाळव, मग चुलीच्या कडेला तासभर राहू दे. पहिले दहा-वीस मणी साचा तापवण्यापुरते समज आणि परत कढईत टाक. पण ते कोरडे आणि गरम असतानाच, गार होऊन दवात पडलेले नाही. पांढुरकी दाणेदार साय आली म्हणजे साचा आता जास्त तापला, मिनिटभर उघडा धर.

अर्धे भरतात ते मात्र बाबू तुझ्या मेहनतीनं झालं. तू दोन्ही फाळ्यांची तोंडं आरशासारखी केलीस. त्या तोंडांवर केसासारख्या बारीक रेघा असतात, घरापासून कडेपर्यंत. आतली हवा तिथून निघते. त्या तू घासून टाकल्या. हवा अडकली, शिसं खाली जाईना. आता टोकदार सुईनं किंवा चांगल्या स्टीलच्या अणीनं प्रत्येक घराच्या बुडापासून बाहेरपर्यंत तीन-चार रेघा ओढ. नखाला जेमतेम लागली पाहिजे, त्याहून खोल गेली तर तिच्यात शिसं शिरते. घराच्या आत मात्र पुन्हा पेपर लावू नको, नाही तर मणी मोठा होत जाईल.

वजन कमी भरते ते आतल्या पोकळीनं. शिसं गोठताना आकसते, आणि आकसताना त्याला वरून आणखी शिसं प्यायला लागते. तू घर भरलं की थांबत असशील. थांबू नको, पट्टीवर वाटाण्याएवढा गोळा उभा राहू दे. तो मधोमध खचला की समज, खालच्या मण्यानं तेवढं पिऊन घेतलं. मग वरचा गोळा मंद पडला की पट्टी फिरव.

सळईला आणि घरांना कापराची काजळी धर. कापूर पेटव, त्याच्यावर साचा उघडा धर, काळा पातळ थर आला की पुरे. त्यानं शिसं चिकटत नाही आणि जागच्या जागी गोठतही नाही. सळई ठोकून काढायची वेळ येते, कारण तू पूर्ण थंड होईपर्यंत थांबतोस आणि शिसं तिच्यावर आवळते. गोठलं की लगेच आधी अर्धा पीळ दे, मग ओढ. सळईला एका टोकाकडे किंचित निमुळती करून घेतली तर आणखी सोपं.

आणि पापुद्रा. बिजागरीजवळ फाळ्या मिटतात आणि टोकाला उघड्या राहतात का ते उजेडासमोर धरून पाहा. बहुतेक बिजागरीच्या पोटात शिशाचा एखादा कण बसला असेल. कानशीनं नाही, बांबूच्या चोयट्यानं काढ.

बॅटरीच्या प्लेटा कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नको. त्यात अ‍ॅसिड आहे, आणि शिशासोबत अँटिमनी आणि आर्सेनिकसुद्धा असते. ते घरी वितळवायचं काम नाही.

धानपट्टीची_ताई

दादा, तुमच्या प्रश्नाला काकाजींनी उत्तर दिलंच आहे. मी तुम्हाला वेगळ्या तीन गोष्टी सांगते. मी ग्रामीण भागात लॅब टेक्निशियन आहे, आणि माझे वडीलही ढिवर, तेही जाळं फेकायचे. म्हणून हे वाचून मला राहवलं नाही.

पहिली, तुमची लेक. तिला उद्यापासून त्या मण्यांजवळ बसू देऊ नका. शिशाचा धोका धुरापेक्षा हाताला लागणाऱ्या काळपट भुकटीत जास्त असतो. मणी मोजले, बोट तोंडात गेलं, झालं. लहान मुलाच्या पोटात तेवढंच शिसं गेलं तरी मोठ्या माणसापेक्षा चार ते पाच पट जास्त अंगात शोषलं जाते. ते मेंदूवर जाते, अभ्यासावर, लक्ष लागण्यावर, आणि ते नुकसान भरून येत नाही. वरून काहीच दिसत नाही. पोट दुखणं, मलावरोध, चिडचिड, रक्त कमी होणं, ही लक्षणं कोणत्याही पोरात दिसतात, म्हणून कोणाच्या मनात शिसं येतच नाही. ज्या मुलांना लोह आणि कॅल्शियम कमी पडते त्यांच्यात ते आणखी जास्त शोषलं जाते. एकदा तिच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. साध्या रक्ताच्या तपासणीत ते येत नाही, वेगळं सांगावं लागते, सॅम्पल मोठ्या लॅबला जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये सांगितलं आहे की डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा वर निघालं तर शिसं कुठून येते ते शोधून बंद करा. त्याच्या खाली म्हणजे सुरक्षित, असं मात्र ते म्हणत नाहीत. सुरक्षित आकडाच नाही.

दुसरी, तुमची चूल. त्याच चुलीवर पाणी तापते का? त्या चुलीच्या राखेनं भांडी घासतात का? आमच्याकडे घासतात. शिशाचे थेंब आणि मळी त्या राखेत पडली असेल तर ती राख घरातल्या प्रत्येक ताटाला लागून राहिली आहे. ती सगळी राख काढा. वहिनींना सांगा, आता त्या जागेची राख नको.

तिसरी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ओठ कापतो म्हणून. माझे बाबा 40 वर्षं घेर दातात धरत होते. सकाळी चार-पाच तास, एका दिवसात शंभर-दीडशे वेळा जाळं टाकायचे, आणि प्रत्येक वेळेला ओला मणी दातांत. मी लहान असताना त्यांच्या खालच्या दातांच्या मुळाशी एक निळसर काळी रेघ होती. आम्हाला वाटायचं तंबाखूची असेल. लॅबच्या कोर्सला गेले तेव्हा पुस्तकात शिशाच्या विषबाधेच्या पानावर हिरडीवरची ती रेघ वाचली आणि वही मिटून बसले. त्यांचं रक्त तेव्हा तपासता आलं नाही, ते गेले होते. म्हणून ती रेघ शिशाचीच होती असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण तुमचे बाबा आहेत. त्यांना मणी दातात धरू देऊ नका, पापुद्रा असो की नसो.

ओतकाम करायचंच असेल तर घरापासून लांब, उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन करा. त्या वेळी खर्रा नको, बिडी नको, चहा नको. हात साबणानं धुवूनच घरात जा, कपडे वेगळे धुवा. आणि घरात कोणी गरोदर असेल तर हे काम तिच्या जवळपासही नको, शिसं आईकडून पोटातल्या बाळाकडे जाते.

सारस_नवेगाव

ताईंनी फार मोलाचं लिहिलं. माझं थोडंसं. तुटलेल्या जाळ्याचे मणी तलावातच राहतात. पाणपक्षी दळणासाठी तळातले खडे गिळतात, तेव्हा शिशाचे बारीक तुकडेही पोटात जातात. इंग्लंडमध्ये राजहंस यानंच मरत होते, म्हणून 1987 मध्ये तिथे 28 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या गळाच्या वजनांची विक्री बंद केली. राज्यात सारस उरले ते मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे. तुमचा इंचभराचा मणी पक्ष्याला गिळता येणार नाही, पण कापलेले पापुद्रे आणि सांडलेले थेंब येतील. तलावाच्या पाळीवर (बांधावर) ओतत असाल तर खाली पत्रा अंथरा आणि एकेक कण उचला. जमत असेल तर पुढच्या जाळ्याला लोखंडाचे मणी करून पाहा. त्याच मापाचा लोखंडी मणी 10 ग्रॅमच भरेल, म्हणजे संख्या वाढवावी लागेल, आणि गंजानं दोरा कापतो म्हणून दरवर्षी दोरा बदलावा लागेल. तो त्रास आहे, हे खरं.

मामातलाव_लाखनी (16 दिवसांनी)

मंडळी, उशीर झाला. ताईंचं वाचलं त्या रात्री झोप आली नाही. सकाळी आधी पोरीला न्हाऊ घातलं, नखं कापली, अंगणातली चूल फोडली आणि राख पोत्यात बांधून बाजूला केली. वर्षभर आमची ताटं त्याच राखेनं घासली. बायको गरोदर नाही, पण तीही घाबरली. पोरीला मोजायला आता चिंचोके दिले आहेत.

ओतकाम वस्तीपासून लांब पाळीच्या पलीकडे नेलं, खाली जुना पत्रा. लोखंडी कढई घेतली, बुडवायचं थर्मामीटर मागवलं. टायरवाल्याकडून पुन्हा दोन किलो आणलं आणि या वेळेस एकेक वजन पक्कडीनं दाबून पाहिलं. 71 नगांमधून 19 जस्ताचे निघाले! ते हातात घेतले तर शिशासारखेच दिसतात, कोणालाही समजणार नाही.

काकाजी, तुमचं एकूण एक खरं निघालं. बिजागरीत कण होता, मोहरीएवढा. चोयट्यानं काढला आणि पापुद्रा गेला. रेघा ओढायला माझा हात थरथरत होता, म्हणून बाबांनी ओढल्या, जाळं विणायची सुई घासून टोकदार करून. प्रत्येक घराला चार. कापराची काजळी धरली. पहिले 20 मणी कढईत परत गेले. पाचव्या वेळेला पट्टीवर गोळा उभा राहिला आणि आमच्या डोळ्यासमोर त्याच्या मध्यात बारीक खळगी पडली, जसं चिखलात कोणी बोट टेकवावं. बाबा म्हणाले, ‘प्यायलं.’ पट्टी फिरवली, सळईला अर्धा पीळ दिला, साचा उघडला तर पाचही मणी आपोआप पत्र्यावर पडले. सोनाराकडे नेले: 15, 15, साडेचौदा, 15, 15. तीन सकाळींत 300 पूर्ण झाले. कापलेले तुकडे मोजून कढईत परत टाकले, सारस दादा, पत्र्याखाली एकही कण गेला नाही.

दातांचं मात्र कठीण गेलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले की त्यांचे वडील तसेच फेकत होते, आणि दातात धरल्याशिवाय जाळं गोल उघडत नाही. मी ताईंनी वडिलांबद्दल लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पाळीवर जाऊन बसले. संध्याकाळी स्वतःच घेराला सुती नाड्याचा वीतभर फास बांधून आणला. आता दातात तो फास येते, मणी हनुवटीखाली लोंबतो. पहिल्या दिवशी जाळं चंद्रकोरीसारखं पडत होतं, एक बाजू मिटलेली. त्यांनी फास दोन बोटं आखूड केला. चौथ्या दिवशी पूर्ण उघडलं, आणि नवीन वजनानं असं बसलं की पाण्यावर एकच गोल आवाज झाला. पावणेदोन किलोची मृगळ निघाली. हिरडी मी उजेडात पाहिली, रेघ मला दिसली नाही, पण खर्र्यानं दात इतके रंगले आहेत की सांगता येत नाही. त्यांचं आणि पोरीचं, दोघांचं रक्त मंगळवारी दिलं. सॅम्पल नागपूरला गेलं, आठवडा लागेल म्हणाले. आकडा आला की इथे लिहितो, ताई, तुम्ही पाहून सांगा.

एकच विचारायचं राहिलं. जस्त मिसळलेलं ते पिठलं गंजातच गोठलं आहे, चारेक किलो असेल. आणि चुलीची ती राख. यांचं काय करू?

ओतारी_भंडारा

पिठलं गंजासकट भंगारवाल्याला दे, पण जस्त मिसळलं आहे हे तोंडानं सांगून दे, नाही तर तुझ्यासारखाच कोणी ते शिसं समजून घेऊन जाईल. राख आणि मळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घाल, वर काय आहे ते लिही, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेव. शेतात नाही, उकिरड्यावर नाही, तलावात तर नाहीच. मी महिन्याअखेरी साकोलीला येणार आहे, आमच्या भट्टीची मळी जिथे जाते तिथे तुझा डबा देऊन देईन. आणि बाबांना नमस्कार सांग, रेघा बरोबर ओढल्या त्यांनी.

धानपट्टीची_ताई

रिपोर्ट आला की आकडा आणि त्याच्यापुढचं एकक, दोन्ही लिहा दादा. मी वाट पाहते.